डाव्या हाताचं माप

नाशिकहून सारिकाचा फोन आला
तेव्हा मी एका बुटाचा सोल घासत होतो.
अण्णा, खात्याचं होल्स्टर उजवंच मिळतं,
पिस्तुलासाठी हात पोटावरून आडवा न्यावा लागतो.
एवढंच बोलली. मागितलं काही नाही.

लष्करातल्या आमच्या दुकानात
आजाच्या काळात मोटा झाल्या,
नंतर चपला, बँडवाल्यांच्या ढोलाच्या वाद्या,
एकदा सर्कशीतल्या घोड्याचा लगाम.
पिस्तुलाचं घर कधी झालं नव्हतं,
आणि घर करायचं तर राहणारा बघावा लागतो.
मापाला पिस्तूल कोण देणार मला?

तिनं शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवला,
तो घेऊन नरसय्याकडे गेलो.
मिल बंद पडली तेव्हा हिशेबात पैसे कमी आले
म्हणून यानं पिशवीभर धोटे घरी आणलेले.
काय बे, म्हातारपणी कुणाला उडवतो,
म्हणत त्यानं दोन धोटे काटकोनात जोडले,
तासले, घासले, पुन्हा फोटो बघितला.
जन्मभर ताण्यातून धावलेलं लाकूड
माझ्या हातात पिस्तूल होऊन गप्प बसलं.

कातडं बाभळीच्या सालीतलं, हिरड्यातलं,
पाठीचं घेतलं. पोटाचं ताणतं,
पट्ट्याला चालत नाही.
कोमट पाण्यात सोडलं. बुडबुडे थांबल्यावरच काढायचं,
वडील म्हणायचे, आधी काढलं तर ते आतून नाही म्हणत राहतं.
मग धोट्यावर चढवून म्हशीच्या शिंगानं दाबत गेलो,
घोडा, नळी, मुठीची कड.
चादरीवर सावलीत वाळत घातलं.
बाहेर एप्रिलचं ऊन, दारातलं कुत्रंसुद्धा गटाराच्या ओलीत.

हे सगळं तिसऱ्या खेपेचं सांगतोय.
आधीचे दोन तुकडे मी उजवेच कापले होते.
चाळीस वर्षं चपलेचा डावा पाय कापतोय,
पण तो उजव्याच्या सोबतीनं.
एकटं डावं कापायला रापी तयार होईना.

दुसरीत होती. कुणाच्या तरी बारशात
तिनं डाव्या हातानं घास घेतला आणि पंगत हसली.
त्या रात्री मी एक वादी कापली
आणि रोज दिवेलागणीला तिचं मनगट
खाटेच्या पायाला बांधत राहिलो,
पाढे लिहून होईपर्यंत.
मेंढीचं मऊ कातडं घेतलं होतं.
हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय,
की मऊ घेतलं होतं.

अक्षर उजव्या हाताचं आलं, बरं आलं.
गोळी मात्र ती डाव्या हातानं झाडते
आणि नेम चुकत नाही म्हणे.

पट्ट्याचं माप हिनं काढलं,
ब्लाऊज शिवायचाय म्हणून फोनवर छाती विचारली,
मग जाता जाता कंबर.
पोरगी पोलीस आहे, तिला कळलं नसेल कसं?
पितळी बक्कल मधल्या मारुतीजवळून आणलं.
इंचाला आठ टाके, मेणातला दोरा, दोन सुया.
कडा चिंचोक्याच्या खळीनं घासल्या,
बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं.
भोकं पाच. मधलं तिचं.
दोन्हीकडची दोन दोन पुढच्या दिवसांसाठी.

ती वादी शोधली मी. पेटीत, माळ्यावर,
जुन्या कलबुतांच्या पोत्यात.
नाही. कुणाच्या तरी अंगठ्याला लागली असणार,
झिजून गेली असणार होटगी रोडवर कुठेतरी.

पार्सलवाल्यानं विचारलं, आत काय?
चामडी सामान, म्हणालो.

आठ दिवसांनी फोन आला.
नीट बसलंय, म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही,
मागे कुणीतरी कवायतीची शिट्टी फुंकत होतं.
मग म्हणाली, अण्णा, वरची अंगठ्याची पट्टी घट्ट आहे,
चटकन सुटत नाही.
वापरून वापरून सैल होईल, असं ओठांवर आलं,
प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो.
म्हणालो, आणून दे, सैल करतो.
बघू, म्हणाली,
राहू दे घट्टच.